वाळवंटापासून घाटमाथ्यापर्यंत : पंढरपूर–नातेपुते–महाड रस्ता

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, शंभू महादेवाच्या डोंगररांगेच्या उत्तरेस नातेपुते वसले आहे. या गावावरून जाणाऱ्या रस्त्याला आजवर अनेक नावे मिळाली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या लेखी तो महाड-पंढरपूर राज्यमार्ग होता. वारकऱ्यांच्या लेखी तो माउलींच्या पालखीचा मार्ग आहे. अलीकडे त्याच्या पूर्वेकडील भागाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ म्हणतात, तर पश्चिमेकडील घाटाच्या भागाला ९६५ डीडी. नावे निरनिराळी असली तरी वाट एकच आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात निघून ती अवर्षणग्रस्त माळ ओलांडते, सह्याद्रीच्या माथ्यावर चढते आणि वरंध घाटाने कोकणात महाडला उतरते.

या रस्त्याइतका हवामानाचा फरक महाराष्ट्रातील फार थोड्या रस्त्यांवर पाहावयास मिळतो. नातेपुते, माळशिरस, पंढरपूर हा पट्टा पर्जन्यछायेचा. येथे वर्षाला सरासरी पाचशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुधा परतीच्या मोसमात. वरंध घाटाच्या परिसरात हाच आकडा तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. बोरी-बाभळींचा आणि कुसळांचा माळ एका टोकाला, तर दाट रान, धबधबे आणि धुके दुसऱ्या टोकाला.

या दोन टोकांना जोडणारी खरी रेषा म्हणजे नीरा नदी. नीरेचा उगम भोर तालुक्यात शिरगाव येथे, वरंध घाटाच्या माथ्याजवळच मानला जातो. तेथून ती भोर, शिरवळवरून पूर्वेला वाहत जाते आणि नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. शिरवळपासून माळशिरसपर्यंत रस्ता नदीच्या उजव्या अंगाने, थोडे अंतर राखून, तिच्याच दिशेने चालतो. त्यामुळे या रस्त्याचा इतिहास लिहायचा तर तो पाण्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

पंढरपूरच्या पुढे हीच वाट राज्याची सीमा ओलांडते. टेंभुर्णीहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५६१ ए पंढरपूर, मंगळवेढा आणि जत तालुक्यातील उमदी या गावांवरून कर्नाटकात विजयपूरकडे, म्हणजे जुन्या विजापूरकडे जातो. आदिलशाहीच्या राजधानीपासून भीमेकाठी येऊन नीरेच्या खोऱ्यातून कोकणात उतरणारी अशी ही मूळची लांब वाट आहे. आज तिचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांखाली विखुरलेले असल्याने ती एक आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुनी वाट

घाटमाथा आणि बंदरे यांना जोडणाऱ्या वाटा सातवाहन काळापासून वापरात होत्या, याच्या खुणा लेण्यांच्या रूपाने शिल्लक आहेत. महाडजवळ गांधारपाले येथे आणि घाटावर शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत. सावित्री नदीच्या खाडीने महाडपर्यंत येणारा माल बैलांच्या पाठीवर लादून देशावर चढत असे. देशावर पुढे तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही मोठी पेठ होती.

यादवकाळात या वाटेवरची गावे भरभराटीस आली. वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि तेथील यादवकालीन शिलालेख त्याची साक्ष देतात. फलटण हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र असून पंथीय त्यास दक्षिण काशी मानतात. पुढे फलटण नाईक निंबाळकरांकडे आणि भोर पंतसचिवांकडे गेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई फलटणच्याच निंबाळकर घराण्यातील. शिरवळचा सुभानमंगळ हा भुईकोट स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांपैकी एकीत, १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत, प्रकाशात आला.

इंग्रजी अमदानीत प्रवाशाला या एका रस्त्यावर राज्ये बदलत जावे लागे. महाड इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात, भोर आणि फलटण संस्थानांत, आणि नातेपुते पुन्हा इंग्रजी सोलापूर जिल्ह्यात. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. भोर पुणे जिल्ह्यात आणि फलटण सातारा जिल्ह्यात आले. आज रस्ता रायगड, पुणे, सातारा आणि सोलापूर अशा चार जिल्ह्यांतून जातो. त्याच्या देखभालीचे दुखणे बऱ्याच अंशी या चार जिल्ह्यांच्या वाटणीतच आहे.

पूर्वेकडील भागातील रस्त्यांच्या इतिहासात दुष्काळाचाही वाटा आहे. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला की सरकार लोकांना काम म्हणून रस्ते बांधण्यास आणि खडी फोडण्यास लावी. १८७६-७७ च्या दुष्काळात हे झाले आणि १९७२ च्या दुष्काळातही झाले. या भागातील वयस्कर माणसे एखाद्या रस्त्याबद्दल बोलताना 'हा दुष्काळातला रस्ता' असे सहज म्हणून जातात, ते यामुळेच.

पालखीचा मार्ग

लोणंद हे या रस्त्यावरचे महत्त्वाचे वळण. पुणे-मिरज लोहमार्गावरचे आणि कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. आळंदीहून निघालेला संत ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे या मुक्कामांनंतर नीरा गावाजवळ नदी ओलांडतो. तेथे माउलींच्या पादुकांना नीरास्नान घातले जाते. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारा जिल्हा. त्यानंतर लोणंदला पालखी महाड-पंढरपूर रस्त्यास मिळते आणि तेथून थेट पंढरपूरपर्यंत याच रस्त्याने चालते.

या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध स्वरूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. त्यापूर्वी, १६८५ पासून, तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी देहूहून ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र नेण्याची प्रथा पाडली होती. पुढे दोन्ही सोहळे स्वतंत्र झाले. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे येते आणि वाखरीला सर्व पालख्या एकत्र होतात.

लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. नंतर तरडगाव, फलटण आणि बरड असे मुक्काम घेत पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. शिंगणापूर फाट्यावरून ती नातेपुत्यास येते. हा जिल्ह्यातील पहिला मुक्काम असल्याने नातेपुतेकरांना त्याचे विशेष अप्रूप. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवे ओढ्याजवळ विसावा घेतल्यानंतर सदाशिवनगरजवळ पुरंदावडे येथे पहिले गोल रिंगण रंगते. तेथून माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. नातेपुत्यापासून पंढरपूर पालखीच्या वाटेने सुमारे सत्तर किलोमीटर भरते. मोटारीने हे अंतर तास-दीड तासाचे. वारकऱ्यांना त्यासाठी पाच मजला लागतात.

शिंगणापूर फाटा हे नाव वर आले आहे. या फाट्याने दक्षिणेला गेल्यास शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव लागतो. चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून कावडी वर चढवल्या जातात, त्यांत सासवडच्या भुतोजी तेल्याच्या कावडीचा मान मोठा. आषाढात पंढरपूरची वारी आणि चैत्रात शिंगणापूरची कावड. वर्षातून दोन वेळा नातेपुत्याच्या परिसरात यात्रेकरूंची गर्दी उसळते, आणि दोन्ही वेळी सासवडचा संबंध असतो, हे सहसा लक्षात येत नाही.

पाणी आणि ऊस

सासवडचा आणि माळशिरस तालुक्याचा आणखी एक संबंध आहे, तो उसाचा. १९३० च्या दशकात सासवडकडील माळी समाजाच्या बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना उभारला. 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' या नावात मूळ गाव अजून जपले गेले आहे. त्याच दशकात जवळच श्रीपूर येथे बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना सुरू झाला. पाचशे मिलिमीटर पावसाच्या माळावर ऊस उभा राहिला, तो नीरेच्या उजव्या कालव्यामुळे.

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बांधले. त्याच्या आधारे वीर येथून डावा कालवा काढण्यात आला. डाव्या कालव्याने बारामतीकडील दुष्काळी मुलूख भिजवला. मागणी वाढल्यावर भाटघरला नवे, उंच धरण बांधण्यात आले. ते १९२८ च्या सुमारास पूर्ण झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज या जलाशयाला शिवकालीन वीर येसाजी कंक यांचे नाव आहे. त्याची साठवण क्षमता साडेतेवीस टीएमसी. या वाढीव पाण्यातून उजवा कालवा निघाला आणि खंडाळा, फलटण, माळशिरस, पंढरपूर असा रस्त्याच्या जोडीनेच पूर्वेकडे गेला. प्रवाशाला फलटणपासून माळशिरसपर्यंत रस्त्याच्या उत्तरेस हिरवा पट्टा आणि दक्षिणेस, डोंगराकडे, कोरडा माळ दिसतो. त्याचे कारण हा कालवा.

ही विभागणी आजही मिटलेली नाही. डोंगराच्या बाजूची माळशिरस तालुक्यातील २२ गावे पाण्यापासून वंचित म्हणूनच ओळखली जातात. त्यांच्यासाठी आशा होती ती नीरा-देवघर धरणाची. महाड रस्त्याने भोरहून घाटाकडे निघाले की मैलोन् मैल ज्या जलाशयाच्या काठाने जावे लागते तो हाच. क्षमता सुमारे पावणेबारा टीएमसी. धरण झाले, पण कालवे रखडले. त्यामुळे तेथील पाणी वर्षानुवर्षे डाव्या कालव्यातून बारामती, इंदापूरकडे जात राहिले. २०१९ च्या जूनमध्ये राज्य सरकारने ते उजव्या कालव्याकडे, म्हणजे फलटण-माळशिरसकडे वळवण्याचा निर्णय घेतला. २०२० च्या फेब्रुवारीत सत्ताबदलानंतर दोन्ही कालव्यांत वाटणी करण्याचे ठरले. अवघ्या आठ महिन्यांत उलटसुलट झालेल्या या निर्णयांनी नीरेच्या दोन काठांवरील राजकारण किती तापलेले आहे हे दाखवून दिले. पाण्याचा वाद दोन पक्षांचा भासत असला तरी मुळात तो दोन काठांचा आहे.

चौपदरी रस्ता

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाचा दिवेघाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा भाग, अपेक्षित खर्च ६,६९० कोटी रुपयांहून अधिक. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचा पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा भाग, अपेक्षित खर्च सुमारे ४,४०० कोटी रुपये. दोन्ही मार्गांच्या कडेने पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टा ठेवण्याची योजना आहे. महामार्गाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्याचा इतका विचार होण्याची ही दुर्मिळ वेळ. मोहोळ येथे हा मार्ग पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो.

रुंदीकरणाची गरज नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वीच्या अरुंद रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एसटी आणि मालमोटारी एकमेकांना वाट देत जात आणि गळीत हंगामात रात्रीचे अपघात नित्याचे झाले होते. मात्र त्याची किंमतही द्यावी लागली. रस्त्याच्या दुतर्फा असलेली वडाची जुनी झाडे रुंदीकरणात गेली. जेथे पाऊस कमी आणि ऊन फार, तेथे वडाची सावली ही केवळ शोभा नसते. दिंड्यांचे विसावे, पंगती आणि दुपारच्या विश्रांतीच्या जागा या झाडांवरून ठरत असत. पायाभरणीच्या वेळी पालखी मार्गालगत सावली देणारी झाडे लावण्याचे आवाहन करण्यात आले होते. वडाचे रोप सावली धरण्याइतके वाढायला एक पिढी जाते, आणि मधल्या काळात वारकऱ्यांची दुपार उघड्या डांबरावर जाणार.

दुसरा प्रश्न गावांचा. नव्या महामार्गाने नातेपुते, माळशिरस यांसारख्या गावांना बाहेरून वळसा घातला आहे. गावातील कोंडी त्यामुळे कमी झाली, पण जुन्या रस्त्यावरील चहाची हॉटेले, पंक्चरवाले, रसवंत्या आणि खताची दुकाने ज्या वाहतुकीवर चालत होती ती वाहतूक गावाबाहेर गेली. नातेपुत्याची बाजारपेठ आसपासच्या खेड्यांच्या जिवावर टिकून राहील एवढी मोठी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तर येथे नगरपंचायतीसाठी मतदानही झाले. लहान गावांना मात्र हा बदल जड जाईल. पालखी गावातूनच जाते, त्यामुळे जुन्या रस्त्याची निगा राखणे हे आता स्थानिक संस्थांच्या अंगावर पडणारे काम आहे.

लोहमार्गाची कथा याच रस्त्याला समांतर आहे. लोणंद ते फलटण रेल्वे २०१९ मध्ये सुरू झाली आणि ३० मार्च २०२१ पासून फलटण-पुणे गाडी धावू लागली. फलटणपासून नातेपुतेमार्गे पंढरपूरपर्यंतच्या सुमारे १०५ किलोमीटर लोहमार्गाची मागणी इंग्रजी काळापासूनची.

भोर आणि वरंध घाट

लोणंदपासून शिरवळपर्यंत रस्ता साधा आहे. शिरवळला तो पुणे-बेंगळुरू महामार्ग ओलांडतो. येथून पुढे भूप्रदेश भराभर बदलतो. भोरमध्ये भातशेती दिसू लागते, घरांची छपरे उतरती होतात आणि डोंगर जवळ येतात. भोर सोडल्यावर नीरा-देवघरच्या जलाशयाकाठची वळणे, त्यानंतर हिर्डोशीचे खोरे आणि मग घाट.

घाटाच्या माथ्यावर कावळ्या किल्ला आहे. रस्ता काढताना डोंगर मधोमध फोडला गेल्याने या किल्ल्याचे दोन भाग झाले आहेत. वाघजाईचे देऊळ आणि तेथील कांदाभज्यांच्या टपऱ्या पावसाळी सहलींना जाणाऱ्यांच्या परिचयाच्या. समोरच्या दरीत शिवथरघळ दिसते. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सांगितला अशी परंपरा आहे. घाट उतरल्यावर वरंध, बिरवाडी आणि महाड.

महाड हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात केवळ रायगडाच्या पायथ्याचे गाव म्हणून राहिलेले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील चवदार तळ्याचे पाणी पिऊन अस्पृश्यतेच्या विरोधातील लढ्याला नवे वळण दिले.

या टोकाला पाण्याचे रूप मात्र वेगळे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि वाहनांसह अनेक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गाडली गेली. त्याच अतिवृष्टीत वरंध घाटातही रस्ता जागोजागी खचला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत घाट वाहतुकीस, विशेषतः अवजड वाहनांना, बंद ठेवण्याचे आदेश पुणे आणि रायगडच्या जिल्हा प्रशासनांनी वारंवार काढले. कारणे उघड आहेत. कडा उभा, खडक भेगाळलेला, माती पाण्याने फुगणारी आणि रस्ता एकेरी वाहनापुरता. दरीच्या बाजूची संरक्षक भिंत ढासळली तर खालची वळणेही धोक्यात येतात. रुंदीकरणासाठी डोंगर आणखी कापावा लागतो, आणि कापलेला कडा पहिले काही पावसाळे अधिकच अस्थिर असतो. त्यामुळे येथे रुंदी वाढवण्याआधी पाणी वाहून नेणारी गटारे, जाळ्या आणि आधारभिंती यांना प्राधान्य मिळावे, हे तेथून ये-जा करणाऱ्या कोणालाही पटेल.

या बंदीतली विसंगती अशी की ती नेमकी आषाढात येते. पंढरपूरच्या टोकाला लाखो वारकरी या रस्त्यावर चालत असतात, त्याच महिन्यात त्याचे महाडचे टोक बंद असते. महाड आणि पोलादपूर परिसरातील भाविकांना पंढरपूरचा हा सर्वांत सरळ रस्ता. घाट बंद झाला की त्यांना दक्षिणेला पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाई गाठावे लागते, किंवा उत्तरेला माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याकडे वळावे लागते. अतिवृष्टीत आंबेनळीलाही दरडी कोसळतात. २०२१ च्या जुलैमध्ये तोही रस्ता ठिकठिकाणी तुटला होता. घाटाखालच्या वरंध, माझेरी या गावांना भोरचा बाजार आणि दवाखाना जवळचा. पावसाळ्याचे चार महिने त्यांचा हा संबंध तुटतो आणि सगळा भार महाडवर येतो.

घाट ओलांडायचा असेल तर नोव्हेंबर ते मे हा काळ सोयीचा. पावसाळ्यात निघण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाचे आदेश पाहून घ्यावेत, कारण भोरच्या बाजूने रस्ता खुला दिसला तरी माथ्यापलीकडे तो बंद असू शकतो.